मदत हवी आहे: 'वन ऑफ दोज... हू' नंतर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी इंग्रजी व्याकरण शिकवताना एका रचनेपाशी अडलो आहे. 'शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू... अर्ली' या वाक्यात 'कम' घ्यावे की 'कम्स'? 'हू' हे संबंधी सर्वनाम लगतच्या 'टीचर्स'साठी आले असल्याने अनेकवचनी 'कम' हवे, हा नियम मला ठाऊक आहे. 'वन ऑफ द टीचर्स इज ॲब्सेंट' येथे कर्ताच 'वन' असल्यामुळे 'इज' येते आणि 'द ओन्ली वन ऑफ' असेल तर 'कम्स' येते, हेही मुलांना पटते. मात्र इंग्रजी वृत्तपत्रांत आणि चांगल्या लेखकांच्या लिखाणातही पहिल्या रचनेत एकवचनी रूप आढळते, आणि एका सरावसंचाच्या उत्तरसूचीत तर 'कम्स'च बरोबर धरले आहे. मराठीत 'लवकर येणाऱ्या शिक्षकांपैकी एक' म्हणून आपण सहज सुटतो, त्यामुळे कानाचाही आधार मिळत नाही. प्रश्न बहुपर्यायी असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. तेव्हा 'दोन्ही चालते' हे उत्तर, भाषेच्या दृष्टीने खरे असले तरी, उपयोगाचे नाही. आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकेत या रचनेसाठी कोणते रूप ग्राह्य धरले गेले आहे, हे परीक्षा आणि वर्ष यांसह कोणी सांगू शकेल का?