मधुमेह दिन ‘साजरा’ की ‘पाळला’?

फळ्यावरची बाई
बेळगावात मराठी शाळेत शिकवते. परिपत्रक कन्नडात येतं, त्याचं मराठी करून फळ्यावर लिहायचं काम माझं. १४ नोव्हेंबरला तीन गोष्टी एकाच दिवशी आल्या: नेहरूंची जयंती म्हणून बालदिन, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी बँटिंग यांची जयंती म्हणून जागतिक मधुमेह दिन, शिवाय सहकार सप्ताहाची सुरुवात. कन्नडात सगळ्याला ‘आचरणे’. मी तिन्हींपुढे ‘साजरा करण्यात येईल’ लिहिलं. एका मुलाची आजी नातवाकडून फळा वाचून घेत होती. साखरेमुळे तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागलीत. म्हणाली, “बाई, ह्यात साजरं काय हाय?” मला उत्तर देता आलं नाही. तिन्हींना चालेल असं एक क्रियापद आहे का?

खानापूरकर
पाळणे. १ नोव्हेंबरला बेळगावात काय होतं बघा. १९५६ ला त्या तारखेला आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून एकाच शहरात राज्योत्सव ‘साजरा’ होतो आणि आपण काळा दिन ‘पाळतो’. ‘काळा दिन साजरा केला’ हे आपल्यातल्या कुणाच्या तोंडून निघणार नाही. कन्नड पेपरात मात्र ‘कराळ दिनाचरणे’ छापतात.

रानातला
दादा, पाळण्यात काहीतरी न करणं असतं. सुतक पाळतो, अमावास्या पाळतो. बेळगावच्या वडगावात मंगाईदेवीच्या जत्रेआधी वार पाळणूक असते, त्या वारी शेतकरी रानात कामाला जात नाही. बालदिनाला हा शब्द कसा लावणार?

विदर्भातून आलेली
आजींचा प्रश्न फार बरोबर आहे. आमच्या वऱ्हाडीत ‘साजरं’ म्हणजे चांगलं, देखणं. पोरगी साजरी, घर साजरं. ‘दुरून डोंगर साजरे’ मध्ये तोच अर्थ आहे. ‘साजरा करणे’ म्हणजे दिवसाला देखणं करणे. रोगाला देखणं कोण करेल?

जुना वाचक
म्हणजे मूळ ‘साज’च. दागिन्याचा साज, घोड्याचा साज. दिवसाला साज चढवला की तो साजरा.

विदर्भातून आलेली
नाही पटत. साजिरं-गोजिरं म्हणतो तिथं साज चढवलेला नसतो. अंगचंच देखणेपण असतं.

निपाणीकर
एवढं कशाला? ‘दिनाचरण’ लिहा. आनंदाला चालतं, दुःखालाही चालतं.

खानापूरकर
ती कन्नडची सावली आहे. मराठी शाळेच्या फळ्यावर तरी मराठी राहू द्या.

निपाणीकर
दिन संस्कृत, आचरण संस्कृत. व्रताचं ‘आचरण’ आपण म्हणतोच ना? आणि कन्नडाचा एवढा विटाळ असेल तर घरात अण्णा-अक्का म्हणायचंही सोडावं लागेल. माझी आई दोन्ही भाषा एका दमात बोलायची. तिचं मराठी कुणाहून उणं नव्हतं.

खानापूरकर
अण्णा-अक्का लोकांच्या तोंडी मुरलेत. परिपत्रकातून उतरलेला शब्द आणि तोंडी मुरलेला शब्द यांत मी फरक करणार. आमच्याकडे कन्नड सक्तीविरुद्ध १९८६ ला माणसं गेली, त्यांच्यासाठी १ जूनला हुतात्मा दिन पाळतो. परिपत्रकाची भाषा आम्हाला नुसती भाषा वाटत नाही.

रानातला
हुतात्मा दिन १७ जानेवारीलाही असतो, तो १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा. पण एक विचारतो, ‘दिन’च का? बोलताना आपण ‘दिवस’ म्हणतो.

जुना वाचक
कारण ‘दिवस’ घरचा शब्द आहे. दिवस जातात, म्हाताऱ्याचे दिवस घालतात. फलकावर त्याचा अर्थ भलतीकडे जाईल. ‘दिन’ मात्र ऱ्हस्वच लिहा. ‘बालदीन’ असे फलक दर वर्षी दिसतात आणि फार खटकतं, दीन म्हणजे गरीब, लाचार.

फळ्यावरची बाई
मुलं तसंच लिहितात, मी रोज दुरुस्त करते. क्रियापदाचं मात्र अजून अडलंय. मधुमेहापुढे मी सध्या ‘माहिती सांगितली जाईल’ असं लिहिलंय.

विदर्भातून आलेली
छान आहे. त्या आजींनाच बोलवा की सांगायला.

निपाणीकर
रानातले दादा, वार पाळणूक कोणत्या वारी असते? आमच्याकडे हा शब्द नाही.

रानातला
मंगळवारी आणि शुक्रवारी. माझी आजी त्या वारी चिंचेखाली बसून राहायची, खुरप्याला हात लावायची नाही.