लिटल मर्मेडचा झॉम्बी : विडंबन की विटंबना?

प्रश्न : डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्राने कोपनहेगनच्या 'लिटल मर्मेड' पुतळ्याला व्यंगचित्रात झॉम्बी, म्हणजे चालतंफिरतं प्रेत, करून दाखवलं आणि त्यावरून मोठा खटला झाला. त्याविषयी लिहिताना एकाने 'जलपरीची विटंबना' असं म्हटलंय, दुसऱ्याने 'मत्स्यकन्येचं विडंबन'. विडंबन आणि विटंबना एकच ना? आणि जलपरी बरोबर की मत्स्यकन्या?

उत्तर : एकच समजू नका. या पुतळ्याच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी खरोखर घडल्या आहेत, आणि वेगवेगळ्या घडल्या आहेत.

दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत 'विडंब्' धातूत आहे. नक्कल करणे, सोंग आणणे हा त्याचा आधीचा अर्थ, मग थट्टा करणे, आणि त्याहीपुढे छळणे. मराठीत या अर्थांची वाटणी झाली. नक्कल आणि थट्टा 'विडंबना'कडे गेली, अपमान आणि हालअपेष्टा 'विटंबने'कडे. म्हणून कवितेचं विडंबन होतं आणि पुतळ्याची विटंबना होते. (हिंदीतली 'विडंबना' आणखी निराळी, तिचा अर्थ दैवदुर्विलासाच्या जवळ जातो. 'नियतीची विडंबना' हे हल्ली मराठीत दिसतं ते तिकडून आलेलं आहे.)

आता पुतळा पाहा. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन यांचा हा ब्राँझचा पुतळा १९१३ साली बसवला. उंची जेमतेम सव्वा मीटर. १९६४ मध्ये कुणीतरी त्याचं डोकं कापून नेलं, १९८४ मध्ये एक हात, १९९८ मध्ये पुन्हा डोकं. ही विटंबना, याला दुसरा शब्दच नाही.

बर्लिंग्सके या वृत्तपत्राने केलं ते वेगळं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या वादचर्चेच्या संस्कृतीवरच्या एका लेखासोबत त्यांनी मर्मेडचं झॉम्बी रूपातलं चित्र छापलं. पुढच्या वर्षी कोरोनाच्या संदर्भात तोंडाला मास्क लावलेल्या मर्मेडचं छायाचित्र आलं. वृत्तपत्राने पुतळ्याला हातही लावला नव्हता. पण एरिक्सन १९५९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या वारसांकडे २०२९ पर्यंत स्वामित्वहक्क आहे. ते कोर्टात गेले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी वृत्तपत्राला भरपाई द्यायला लावली, अपिलात ती रक्कम ३ लाख क्रोनरवर गेली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकाल फिरवले. चित्रानेही हक्कभंग होत नाही आणि छायाचित्रानेही नाही, असं ठरलं, आणि व्यंगचित्राच्या बाबतीत विडंबनाचं तत्त्व मान्य झालं. तेव्हा 'जलपरीची विटंबना' म्हणणाऱ्याने, नकळत का होईना, हरलेल्या बाजूचा निकाल दिला आहे.

उपप्रश्न : पण विडंबन म्हटलं की हसू यायला हवं. झेंडूची फुलं वाचताना येतं तसं. झॉम्बी बघून कोण हसणार?

उत्तर : हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने मराठी वाचकाला इतकं हसवलं, की विडंबन म्हणजे विनोदी कविता हे समीकरणच होऊन बसलं. शब्द त्याहून रुंद आहे. सतराव्या शतकातल्या नीलकंठ दीक्षितांचं 'कलिविडंबन' हे संस्कृत काव्य घ्या. त्यात वैद्य, ज्योतिषी, मांत्रिक यांची जी सालं काढली आहेत, ती वाचून हसू येतं खरं, पण बोचतं जास्त.

युरोपातही हाच प्रश्न न्यायालयापुढे आला होता, आणि तोही एका कॉमिक्समालिकेवरून. 'सुस्के एन विस्के' ही बेल्जियममधली घराघरात वाचली जाणारी मालिका. तिच्या १९६१ मधल्या एका अंकाच्या मुखपृष्ठाची नक्कल करून एका राजकारण्याने नववर्षाचं कॅलेंडर वाटलं. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की शब्दाचा अर्थ रोजच्या वापरातूनच घ्यायचा. मूळ कलाकृती आठवली पाहिजे, पण तिच्यापासूनचा फरक लगेच कळला पाहिजे. आणि विनोद किंवा उपहास, यांपैकी काहीतरी हवं. 'किंवा' आहे बरं का. झॉम्बी मर्मेड या कसोटीला उतरते. खडकावरची ती बैठक ओळखू येते, चेहरा मात्र प्रेताचा आहे, आणि रोख चर्चेच्या खालावलेल्या पातळीवर आहे. मला तरी हे मराठी 'विडंबना'चंही चोख वर्णन वाटतं. आपल्या कोशांतल्या नोंदींत 'उपहास' आणखी ठळक असायला हवा.

त्या चित्राला अर्कचित्र मात्र म्हणू नका. अर्कचित्रात खऱ्या व्यक्तीच्या नाकाडोळ्यांचा अर्क काढलेला असतो. इथे व्यंगचित्र हाच शब्द.

उपप्रश्न : आणि जलपरी-मत्स्यकन्या?

उत्तर : मी मत्स्यकन्याच म्हणेन. वर्तमानपत्रांनी 'जलपरी' पोहण्याच्या स्पर्धा जिंकणाऱ्या मुलींना देऊन टाकलाय, आणि परी म्हटलं की पंख डोळ्यांपुढे येतात. हा पुतळा ज्या कथेवरून घडवला, त्या डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ मधल्या कथेचा सगळा जीव शेपटीत आहे. शेपटी देऊन ती पाय घेते, आवाज गमावते, आणि प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्याच्या वेदना सोसते. एरिक्सननी तोच क्षण पकडला आहे. पुतळा नीट पाहिलात तर मांड्या, गुडघे, पोटऱ्या बाईच्या आहेत, पावलांच्या जागी मात्र माशाचे पर. 'मत्स्य' आणि 'कन्या' हे दोन्ही त्या मूर्तीत दिसतं, 'परी' कुठेच नाही. फक्त तिला मत्स्यगंधा करू नका. ती सत्यवती, तिला शेपटी नव्हती.