मागचे ब्रेक ड्रम की डिस्क? गाडी बुक करण्यापूर्वी सल्ला हवा आहे

नमस्कार.

आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो आणि बारा वर्षे वापरलेली छोटी गाडी आता बदलणार आहोत. पसंत पडलेल्या गाडीच्या खालच्या व्हेरिअंटला मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्यात आतून शू दाबले जाणारे) आहेत, वरच्या व्हेरिअंटला चारही चाकांना डिस्क (उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) आहेत, आणि दोहोंच्या किमतीत सुमारे एक लाखाचे अंतर आहे. सनरूफसारख्या बाकीच्या सोयींची आम्हाला गरज नाही. तेव्हा केवळ मागच्या डिस्कसाठी एवढे पैसे मोजावेत का, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न पडण्याचे कारण असे की, गेल्या डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना, गाडीत पाच माणसे आणि सामान असताना, जळका वास येऊ लागला आणि पेडल नेहमीपेक्षा बरेच जोरात दाबूनही गाडी हवी तशी थांबेना. रस्त्याच्या कडेला अर्धा तास थांबलो आणि उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागे बसलेली आई तेव्हापासून ‘मागे डिस्क असलेलीच गाडी घ्या’ असे म्हणते आहे.

परत आल्यावर मेकॅनिकने चाके उघडली. पुढच्या पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मागचा ड्रम हातोडीने ठोकून काढला तेव्हा मूठभर काळी भुकटी खाली पडली, पण शूचे लायनर (घासला जाणारा थर) चांगले जाड होते. म्हणजे त्रास पुढच्या डिस्क ब्रेकनेच दिला. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांवर येत असल्याने गाडी थांबवण्याचे बहुतेक काम तेच करतात, हे मला मान्य आहे. मग मागे डिस्क बसवल्याने घाटात नेमका किती फरक पडेल? एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे असल्याने तो दोन्ही व्हेरिअंटला आहेच, आणि फोक्सवॅगनच्या आयडी.४ सारख्या विजेवर चालणाऱ्या महाग गाडीलाही मागे ड्रमच आहेत.

ड्रमविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. डिस्कचे पॅड किती उरले ते चाकाच्या फटीतून पुष्कळदा दिसते, परंतु ड्रममध्ये व्हील सिलिंडरमधून (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइल झिरपत असले, तरी ते बहुधा उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्या गाडीचे उजवे सिलिंडर तसेच ओलसर निघाले.

ज्यांनी मागे डिस्क असलेली गाडी पाच वर्षांहून अधिक वापरली आहे, त्यांनी कृपया सांगावे: पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिल्यास मागचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) अडकतात का, आणि चढावर हँडब्रेक ड्रमइतकाच पक्का धरतो का? तसेच समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने जाताना पूर्ण भरलेली गाडी अचानक थांबवावी लागली, तर दोन्ही प्रकारांत फरक जाणवला का, हेही कळवावे. बुकिंग येत्या रविवारी करायचे आहे.