बहिणीचं बाळंतपण घरीच करायचं म्हणतायत, काय सांगू?

कोथरूडचा_दादा:
बहीण वेल्ह्याकडं आतल्या गावात दिलीये, दुसरी खेप, नववा लागलाय. पहिली मुलगी घरीच झाली, सुईणीनं सगळं केलं, त्रास नाही झाला, म्हणून आत्ताही घरीच करू म्हणतायत. तिच्या सासूबाई म्हणतात मोठ्या दवाखान्यातच बायका जास्त दगावतात. आणि पावसात रस्ता बंद पडतो हे तर खरंच आहे. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

नर्सताई_भोर:
दादा, अडलेल्या, झटके आलेल्या, रक्त गेलेल्या सगळ्या केसेस शेवटी मोठ्या दवाखान्यातच पाठवतात, घरी सुखरूप झालेल्या तिथं जातच नाहीत, मग तिथं दगावलेल्या जास्त दिसणारच ना. पहिली नीट झाली म्हणून दुसरीही होईल असं अजिबात धरू नका. बाळ झाल्यावर पिशवी आकसली नाही तर एक-दोन तासात बाई हातची जाते. आम्ही बाळ बाहेर आलं की लगेच मांडीत पिशवी आकसवणारं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन 10 युनिट, देतो, सुईण कितीही अनुभवी असली तरी तिच्याकडं ते नसतं.

जुन्नरकर:
ताई, नुसतं दवाखान्यात नेलं म्हणजे झालं असं पण नाही. देशात दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 ला 39 टक्के होती, 2019-21 ला 89 झाली, पण महिन्याच्या आत जाणारी बाळं हजारी 39 वरून 25 वरच आली. आमच्या वहिनीला रात्री नेलं तर डॉक्टरच नाही, पुढं पाठवलं आणि वाटेत जीपमध्येच झाली. उलट गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायका शिकवून घरोघरी बाळं तपासली तर बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले.

नर्सताई_भोर:
ते काम बाळांचं होतं, आणि फार मोठं होतं, आशाताई घरी येऊन बाळ बघतात ते त्यातूनच आलं. पण आईचं रक्त घरी थांबवता येत नाही हो. डॉक्टरचं म्हणताय ते खरंय, म्हणून आधीच विचारून ठेवायचं, रात्री कोण असतं, सिझर आणि रक्ताची सोय कुठं आहे. दादा, कार्डावर एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, किती आहे?

कोथरूडचा_दादा:
8.2 लिहिलंय.

नर्सताई_भोर:
मग घरी नकोच!! एवढ्या कमी एचबीला थोडं रक्त गेलं तरी झेपत नाही. उद्याच ग्रामीण रुग्णालयात दाखवा, शिरेतून लोह देतात का विचारा. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तिला रस्त्याजवळच्या पाहुण्यांकडं आणून ठेवा, कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 लावा. सरकारीत सिझरसकट सगळं फुकट आहे, जायची-यायची गाडी पण. सुईणबाईंना सोबत न्या, तिला धीर येईल आणि सासूबाईंचंही मन राहील.