कॉलमचा साइज काढताना क्षेत्रफळ नक्की कुठलं धरायचं?

नवशिक्या_कॉलम:
डिझाइन शिकतोय, डोकं चालेनासं झालंय. कॉलमवर १००० किलोन्यूटन लोड, काँक्रीट एम२५ (ताकद २५ न्यूटन दर चौ.मिमीला), स्टील एफई५०० (तसंच ५००), इफेक्टिव्ह लांबी (वाकण्याच्या हिशेबात धरायची लांबी) ३ मीटर. मी सरळ लोडला २५ ने भागलं तर ४०,००० चौ.मिमी आलं म्हणजे २०० बाय २०० चा कॉलम, बघूनच वाटतंय काहीतरी गंडलंय. शिवाय त्यातून सळया आणि कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) वजा करायचं का?

उन्हातला_साईटवाला:
गंडलंयच. आधी सुरक्षेसाठी लोडला दीडने गुण, १५०० झाला. मग २५ ची पूर्ण ताकद धरायची नसते रे, आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटचं भारतीय मानक) आखूड कॉलमला ०.४ पटच घेतात म्हणजे १०, आणि सळईला ०.६७ गुणिले ५०० म्हणजे ३३५. आता सळई एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का धर, काँक्रीट उरलं ९९ टक्के, तर दर चौ.मिमीला ९.९ अधिक ३.३५, झाले १३.२५ न्यूटन. १५,००,००० न्यूटन भागिले १३.२५, साधारण १,१३,२०० चौ.मिमी. ३०० बाय ४०० घे, १६ मिमीच्या ६ सळया टाक, १२०६ चौ.मिमी भरतात.

सळई वजा होते, ती त्या ९९ टक्क्यात आलीच. कव्हर अजिबात वजा करू नको, तेही काँक्रीटच आहे. प्लास्टर मात्र मोजायचं नाही (मी एकदा प्लास्टरसकट टेप लावून बसलो होतो, जाऊ दे).

नवशिक्या_कॉलम:
मग २३० बाय ५०० पण १,१५,००० होतं की, भिंतीत लपेल. चालेल का?

मोमेंटवाली:
नुसत्या आकड्यात बसतं. पण ३००० भागिले २३० म्हणजे १३, १२ च्या वर गेला की तो सडपातळ कॉलम, जादा मोमेंट (वाकवणारा जोर) घ्यावाच लागतो. आणि भूकंपाचं डिटेलिंग (भूकंप सोसेल अशी सळयांची रचना) असेल तर त्याच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १३९२० प्रमाणे ३०० पेक्षा कमी बाजू चालतच नाही.

अजून एक, साईटवाल्या दादांनी गाळलेलं. ते ०.४ आणि ०.६७ चं सूत्र किमान एक्सेंट्रिसिटी (लोड कॉलमच्या मध्यापासून किती सरकलेला धरायचा ते) बाजूच्या ०.०५ पटीच्या आत असेल तरच लागू. ती निदान २० मिमी धरावी लागते आणि ३०० ची ०.०५ पट होते १५. मग कसं बसणार? ४०० ची बाजू कशीबशी सुटते, बरोब्बर २० वर. म्हणून हा साइज फक्त सुरुवातीचा अंदाज, पुढे मोमेंट घेऊन एसपी १६ (आयएस ४५६ साठीचं डिझाइनचं पुस्तक) च्या आलेखावर चेक कर.

उन्हातला_साईटवाला:
हो ताई, ते राहिलंच. आलेख बघताना कव्हर लागतं बरं का, तिथे ते विसरू नको.