सहाशे पानांच्या स्पेसिफिकेशनची सूची कशी सुधरवाची?

दर्यापूरकर:
नमस्कार मंडळी, पाणीपुरवठ्याच्या कामाचं टेक्निकल स्पेसिफिकेशन हाय, वर्डमधे, मराठीत, सहाशेक पानं. मागं सूची हाय पण कामाची नाही, 'काँक्रीट' पाहा तं पुढं दोन ओळी नुसते पाननंबर, आता साइटवरचा सुपरवायझर त्यातलं कोणतं पान उघडन? तो सरळ मलेच फोन करते की क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किती दिवस सांगा. आधीच्या माणसानं ऑटोमार्कनं केली म्हणते. हे पुरं काढून नव्यानं करू का हायेच तेच दुरुस्त करू? अन नोंद कशाची घ्याची, कशाची सोडाची?

वर्धा डीटीपी:
भाऊ, पुरं काढा. ऑटोमार्क शब्द दिसला की नोंद टाकते, तिथं नियम सांगितला हाय का नुसतं नाव आलं हे त्याले समजत नाही. फाइलची कॉपी ठेवा, लपलेला मजकूर दिसू द्या, मग फाइंड-रिप्लेसनं सगळे एक्सई फील्ड (नोंदीच्या लपलेल्या खुणा) एकदम उडवता येतात. नंतर एकेक कलम वाचाचं अन पाहाचं की साइटवरचा माणूस कोणता प्रश्न घेऊन इथं येईन. नोंद त्याची, शब्दाची नाही. ऑल्ट शिफ्ट एक्स दाबलं की उपनोंदीचा रकाना येते, काँक्रीटखाली कव्हर, क्यूब टेस्ट, उन्हाळ्यातलं काम असं पाडा. एका नोंदीपुढं पाच-सहाच्या वर पानं दिसली की ती अजून फोडाची. जिथं मुख्य नियम हाय ते पान बोल्ड. क्युरिंगले तं स्वतंत्र नोंदच द्या, कारण उत्तर एक नाही, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीत साध्या सिमेंटले किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या (राख मिसळेल) सिमेंटले १०, अन कोरड्या गरम हवेत कोणतंही असो १० च्या खाली नाही, पीपीसीसारखं असन तं १४ पर्यंत न्या म्हणते. आपल्याकडच्या मे महिन्यात चुकीची ओळ वाचली तं स्लॅबचंच नुकसान हाय.
अन तयार सूचीत हातानं काही दुरुस्त करू नका, एफ९ दाबलं की सगळं पुसते.

अकोला साइट:
वरचं बरोबर हाय, पण लोकं बोलतात ते शब्दही टाका. मिस्त्री 'पाणी मारणं' म्हणते, तो क्युरिंग शोधत नाही. अशा ठिकाणी 'क्युरिंग पाहा' लिहून त्याले दुसरीकडं धाडू नका, एक-दोनच पानं असतीन तं नंबर तिथंच द्या. अन तुमचं दर्यापूर खारपाणपट्ट्यात येते ना? स्पेसिफिकेशनमधे 'सल्फेटयुक्त जमीन' असं लिहेल असते, सल्फेटरोधक सिमेंट (आयएस १२३३०) कुठं वापराचं ते त्याच कलमात. सूचीत 'खारपाणपट्टा' नोंद नसली तं ते कलम कोणालेच सापडत नाही, मी हे पाहेल हाय, म्हणून एवढं सांगतो.

दर्यापूरकर:
खारपाणपट्टा आजच टाकतो. पण ठेकेदाराले पत्र जाते तेव्हा कलम नंबर लागते, पान नाही. सूचीत कलम देता येईन का?

वर्धा डीटीपी:
येते. ऑल्ट शिफ्ट एक्सच्या त्याच डब्यात क्रॉस-रेफरन्सच्या जागी 'कलम ७.३' टाइप करा, पानाऐवजी तेच छापल्या जाते. फक्त कलमांचे नंबर बदलले तं ते आपोआप बदलत नाही, म्हणून अंतिम प्रत ठरल्यावरच करा.

दर्यापूरकर:
ठीक. टाकीची गळती चाचणी 'टाकी'खाली घेऊ का 'चाचण्या'खाली?

अकोला साइट:
दोन्हीकडं.