मदत हवी आहे: धाकटा मला गॅलरीत कोंडतो, थोरला त्याला शिकवतो

खारेदाणे

जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

घर डोंबिवली पूर्वेला, चौथा मजला. थोरला सव्वापाच वर्षांचा, धाकटा अडीचचा. मे महिना, शाळा बंद. नवरा सकाळी 7:50 ला घर सोडतो तो रात्री आठनंतर उगवतो. दिवसभर मी, साबा (सासूबाई) आणि हे दोन नग.

किरकोळ उद्योगांबद्दल माझं काही म्हणणं नाही. रिमोट तांदळाच्या डब्यात सापडतो, साबांचा चष्मा वॉशिंग मशीनमध्ये साबण टाकायच्या खणात. परवा देवघरातला बाळकृष्ण फ्रीजमध्ये होता, 'त्याला उकडत होतं' म्हणून. हे सगळं चालतं आमच्याकडे.

गेल्या गुरुवारी मात्र हद्द झाली. साबा कैऱ्या आणायला बाजारात गेलेल्या. कुकरला वाटीभर तुरीची डाळ लावली आणि स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आहे तिथे कपडे वाळत घालायला गेले. चार चिमटे लावले असतील, मागे दार धाडकन लागलं आणि खट्ट. खालची खिट्टी! वरची धाकट्याच्या हाताला लागत नाही, म्हणून खालची. ती नुसती खाली ढकलली की उंबऱ्यातल्या भोकात जाते. काढताना मात्र पिळून वर ओढावी लागते, ते त्याला जमत नाही. म्हणजे साहेबांना दार लावता येतं, उघडता येत नाही.

मोबाईल आत ओट्यावर. किल्ली आत. दुसरी किल्ली साबांच्या पर्समध्ये, साबा कैऱ्यांच्या ढिगाऱ्यात. दाराला वर काच आहे, त्यातून धाकटा दिसत होता. आधी खूश. मग मी ओरडायला लागल्यावर गोंधळला, आणि मग चक्क बिस्किटाचा पुडा घेऊन आला आणि काचेला एक बिस्किट चिकटवून म्हणाला, 'आई, आ कल.'

थोरला घरातच होता हो! त्याला हाका मारमारून घसा बसला, पण हा बाहेर यायला तयार नाही. नंतर कळलं की पलंगाखाली लपला होता. लपाछपी चालू होती म्हणे आणि माझ्यावर राज्य होतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं. धाकट्याला यानेच शिकवलं होतं की आई अंक मोजायला बाहेर गेली की दार लावायचं, म्हणजे ती लबाडीने मध्येच बघणार नाही. 'मी एवढी ओरडत होते तर आला का नाहीस?' तर उत्तर, 'तू फसवतेस. मागच्या वेळी चॉकलेट देते म्हणालीस आणि बाहेर आल्यावर धप्पा दिलास.' यावर काय बोलणार? दिला होता.

कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. चौदा झाल्या आणि मग थांबल्या. गॅस चालूच. ते थांबणं शिट्ट्यांपेक्षा भयंकर होतं. जळका वास यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ओरडून वॉचमनला वर पाठवायला सांगितलं, तो बिचारा बाहेरून बेल वाजवत बसला. बेल वाजली की धाकटा दाराकडे पळतो आणि 'कोन ए?' विचारतो, एवढीच प्रगती. शेवटी आत फस्स्स करून मोठा आवाज झाला, धाकटा भोकाड पसरून रडला, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी साबा आल्या. एकूण पस्तीसेक मिनिटं. मुलांना ओरखडासुद्धा नाही. डाळ छतावर.

साबांचं मत: दोन धपाटे. नवऱ्याचं मत: रात्री जेवताना हसू आवरत नव्हतं, त्यामुळे नोंदवलेलं नाही. धपाटा मी दिला एक थोरल्याला, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण त्याच्या हिशोबात त्याने काही चूकच केली नव्हती.

दाराचं काय करू, आणि पोरांना हे समजावू कसं? 'असं करायचं नाही' म्हटलं की धाकटा आता मुद्दाम खिट्टीकडे बघून हसतो.

स्पष्टबोला

गॅसवर कुकर ठेवून लहान मुलांना एकटं सोडून जाऊ नये हे साधं आहे. आम्ही पण मुलं वाढवली.

खारेदाणे

@स्पष्टबोला, गॅलरी स्वयंपाकघरापासून दीड पावलावर आहे. कपडे वाळत घालायला मुलांना कडेवर घेऊन जायचं असेल तर तिसरा हात कुठे मिळतो तेही सांगा.

रंधा_काका

ताई, आधी दाराचं. सुताराला बोलवायचीही गरज नाही. खिट्टी काढत बसू नका, स्क्रू गंजलेले असतात, लाकूड फुटतं. उंबऱ्यातलं भोक बुजवा. एम-सील, म्हणजे भोकं बुजवायचा मसाला, दोन रंगांत येतं; दोन्ही सारखं घेऊन मळायचं, भोकात दाबून भरायचं, ओल्या बोटाने सपाट करायचं आणि रात्रभर हात लावू द्यायचा नाही. खिट्टी खाली जाणारच नाही. पोराला खटखट करायचा आनंद मिळेल आणि दार उघडं राहील. खिट्टी पूर्ण काढलीत तर तो दुसरं काहीतरी शोधेल, हे माझ्या दोन नातवांच्या अनुभवावरून सांगतो.

तोपर्यंत आजच्या आज करायचं म्हणजे जाडसर टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकून ठेवा, निम्मा आत, निम्मा बाहेर. दार चौकटीत बसतच नाही. बोटं चेंगरायची भीतीही जाते.

बाथरूमची आतली कडी मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर न्या. आणि मुख्य दाराच्या लॅचला आतून एक छोटी कळ असते, ती सरकवली की जीभ आतच अडकून राहते. कचरा ठेवायला बाहेर जाताना ती सरकवून जायची सवय लावा. निम्मी कोंडाकोंडी तिथेच होते.

दुसरी किल्ली समोरच्यांकडे ठेवा. कोणाच्या पर्समध्ये नको.

शिट्टीमास्तर

कुकरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फस्स झालं ते बरंच झालं म्हणायचं. पाणी आटलं की कुकरचं तापमान चढत जातं आणि झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळून वाफेला वाट करून देतो. त्यासाठीच तो असतो. आता तो व्हॉल्व्ह गेला, पुन्हा वापरता येत नाही. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवीन घ्या. रबरी रिंगही बदला, ती कडक झाली असणार. बुडाला फुगवटा आला असेल तर कुकरच भंगारात द्या.

गॅस चालू असताना शिट्ट्या थांबल्या म्हणजे एक तर पाणी संपलं किंवा शिट्टीच्या नळीत डाळ अडकली. दोन्ही वाईट. झाकण लावण्याआधी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघत जा.

बाय द वे, सिलिंडर आहे की पाइप गॅस?

खारेदाणे

पाइप गॅस. नळी बघायची सवय साबांना आहे, मला नाही. आजपासून.

शिट्टीमास्तर

मग मीटर कुठे आहे तुमचा? आमच्या बिल्डिंगमध्ये ड्राय बाल्कनीत आहेत सगळ्यांचे.

खारेदाणे

अहो!!! मीटर ड्राय बाल्कनीतच आहे. मी पस्तीस मिनिटं त्याला टेकून उभी होते. त्याच्यावर एक ओला मोजा वाळत घातला होता मी.

शिट्टीमास्तर

मीटरच्या आधी पाइपवर एक छोटी मूठ असेल. पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव फेरा. एकदा बंद करून शेगडी विझते का बघून ठेवा, आणि साबांनाही दाखवा.

कैरीचं_पन्हं

😂 ओला मोजा! सॉरी, पण कामावर बसून फिस्सकन हसले.

आमच्याकडे तीन वर्षांच्या लेकीने नाकात वाटाणा घातला होता, मी चिमटा घेऊन निघालेच होते, सासऱ्यांनी हात धरला. चिमट्याने गुळगुळीत वस्तू अजून आत सरकते. डॉक्टरांनी दुसरी नाकपुडी दाबायला लावून मलाच तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायला सांगितली, पापा घेतल्यासारखी. वाटाणा टप्पकन माझ्या गालावर. मनाने करू नका, डॉक्टरांसमोर करा, पण चिमटा नकोच.

आणि तुमचा तो तांदळातला रिमोट, त्याच्या मागचं झाकण घट्ट आहे ना? गोल चपटे बटणासारखे सेल असतील तर स्क्रूवालं झाकण हवं. तो सेल गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांतसुद्धा इजा सुरू होते, तेव्हा 'शीतून पडेल' म्हणून वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल आणि एक्स-रे.

परदेशी_पाहुणा

इकडे न्यू जर्सीत बेडरूम-बाथरूमच्या गोल मुठींना बाहेरून एक बारीक भोक असतं, त्यात तार घातली की आतलं लॉक सुटतं. प्रत्येक चौकटीवर आम्ही एक तार ठेवलेली असते. तिकडेही आता बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कुलपं मिळतात, बाथरूमला बसवून घ्या. गॅलरीच्या दाराला काकांचं एम-सीलच बरं.

वाड्यातली_आजी

मी साताऱ्यात वाड्यात वाढले. आमच्याकडे दारं दिवसभर सताड उघडी, त्यामुळे कोंडायचं म्हणजे संडासात, त्याला बाहेरून कडी. माझ्या भावाने आजोबांना कोंडलं होतं. आजोबा आत बसून मोठ्याने रामरक्षा म्हणत राहिले, कोणाला वाटलं नेहमीचंच चाललंय. दोनदा पूर्ण झाली तेव्हा आजीला शंका आली.

आता कामाचं बोलते. सूनबाई, थोरला तुमचा वाईट नाही, नियमाचा पक्का आहे. त्याला खेळाच्या बाहेरून समजावू नका, खेळाच्या आतून सांगा. तुमच्याकडे 'टाइम प्लीज' म्हणतात ना? आईने 'टाइम प्लीज' म्हटलं की कोणी कुठे लपलेलं असो, बाहेर यायचं आणि दार उघडायचं. तेव्हा कोणी आउट नाही, धप्पा नाही. एकच अट, आणि ती तुम्हाला आहे: तुम्ही त्यात कधी म्हणजे कधी लबाडी करायची नाही. एकदा जरी टाइम प्लीज म्हणून धप्पा दिलात तर पुढच्या वेळी तो पलंगाखालीच राहील. चॉकलेटचं काय झालं ते बघितलंतच.

आणि धाकट्याला 'खिट्टीला हात लावू नकोस' म्हणू नका, खिट्टी काढायला शिकवा. भोक बुजवायच्या आधी शिकवा. मांडीवर बसवून, पिळायचं आणि वर, पिळायचं आणि वर. लावल्यावर नाही, उघडल्यावर टाळ्या. त्याला आवाज आवडतो, तो काढतानाही येतोच की.

स्पष्टबोला

आजींशी सहमत. माझ्या धाकट्याने मला 1998 साली माळ्यावर ठेवून शिडी काढून घेतली होती. ते वर लिहायला पाहिजे होतं.

खारेदाणे

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, घर चालू होतं.

मूठ सापडली, आडवी करून बघितली, शेगडी विझली. साबांना दाखवली तर म्हणाल्या, 'हे मला माहीत होतं, तू विचारलं नाहीस.' किल्ली समोर दिली. कुकरचं बूड फुगलंय, नवीन कुकर येणार. छतावरची डाळ नवऱ्याने खरवडली, हसण्याची शिक्षा.

टाइम प्लीजची सभा घेतली. थोरल्याने अटी नीट ऐकून घेतल्या आणि मग विचारलं, 'आजी पण म्हणू शकते का? आणि बाबा फोनवरून?' आजी हो, फोनवरून नाही, असं ठरलं. शनिवारी मुद्दाम गॅलरीत जाऊन बसले आणि आतून कडी लागल्यावर ओरडले. पलंगाखालून धावत आला, पण दार उघडण्याआधी काचेतून विचारलं, 'खरंखुरं टाइम प्लीज?' खरंखुरं, म्हटलं. उघडलं. मी धप्पा दिला नाही. हात फार शिवशिवत होते.

धाकटा पाच दिवसांत खिट्टी काढायला शिकला. मग दिवसातून तीसदा लावायचा आणि काढायचा आणि स्वतःच टाळ्या वाजवायचा. तो पक्का झाल्यावर काल रात्री उंबऱ्याचं भोक बुजवलं. मस्त सपाट बसलंय, रंधा_काका, धन्यवाद.

आता पुढचं. उरलेलं एम-सील मी ओट्यावर ठेवून झोपले. सकाळी लोखंडी कपाटाच्या किल्लीचं भोक बुजलेलं सापडलं, तितकंच सपाट, ओल्या बोटाने. कपाटात साबांची पुतण्याच्या लग्नाची पैठणी आहे आणि लग्न रविवारी आहे. थोरला म्हणतो, 'काकांनी सांगितलं तसंच केलं, तू वाचून दाखवलंस ना बाबांना.'

सुकलेलं एम-सील कुलपातून काढता येतं का? की कुलूपवाल्यालाच बोलवू?

रंधा_काका

खरवडू नका, आतल्या पट्ट्या वाकतील. कुलूपवाल्याला बोलवा, तो ड्रिल करून कुलूपच बदलेल. पैठणी वाचेल. पोरगं माझ्याकडे पाठवा, हात चांगला आहे.